प्रयोजन : इतर

अर्जात लग्नासाठी रकाना नव्हता.
संशोधन, छायाचित्रण, शैक्षणिक सहल,
आणि तळाला 'इतर', त्यापुढं दीड इंच जागा.
मल्लिनाथ म्हणाला, दीड इंचात मावेल एवढंच करू.

तो नान्नजच्या माळावर वनमजूर.
पहाटे मचाणावर चढतो, गवत बघतो,
नोंदवहीत लिहितो :
काळवीट सत्तावीस. लांडगा एक, लंगडा.
माळढोक शून्य.
दोन वर्षं झाली, शून्यच.
मी एकदा विचारलं, मग जातोस कशाला?
तर म्हणाला, शून्य लिहायलाही जावं लागतं, श्यामला.
घरी बसून लिहिलं तर ते खोटं शून्य.
त्याच रात्री मी घरात सांगून टाकलं.

साहेबांनी अर्ज वाचला,
चष्मा पुसून पुन्हा वाचला.
बँड? नाही.
मंडप? नाही.
होम?
इथं आम्ही दोघं गप्प.
माघात सगळा माळ वाळलेला असतो,
एका ठिणगीचं काम.
होम खोडला.
अक्षता टाकायच्या नाहीत, बाहेरचा दाणा आत नको.
भडक कपडे नकोत. माणसं नऊ.
आणि मोठ्यानं बोलायचं नाही.

या शेवटच्या अटीनं एक मोठं काम केलं.
मंत्र आमच्या पंतुलूंनी तेलुगूत सांगायचे
की त्यांच्या स्वामींनी कन्नडात,
यावर तीन रविवार भांडण चाललं होतं,
ते मिटलं. आता दोघंही ओठ हलवणार.

यादी करायला बसलो.
चारशे दहा नावांतून नऊ काढणं म्हणजे
चादरीतून एकेक धागा उपसणं,
नक्षी विस्कटते आणि कुणी ना कुणी रडतं.
अंबक्का आत्याचं नाव तीनदा खोडलं, चारदा लिहिलं.
ती फोनवर म्हणाली,
त्या पाखराला बोलावलंय म्हणे, जे येणारच नाही,
आणि मला नाही?
याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिला दहावी धरलं.
साहेबांना अजून सांगितलेलं नाही.

नानांनी सगळ्यात आधी अंतरपाट मागून घेतला.
मी विणतो म्हणाले. रंग?
गवताचा, मी म्हटलं.
गवताला रंग असतो होय, असं विचारून
त्यांनी माझ्याकडून एक काडी घेतली, कुसळासकट,
आणि ती खिशात ठेवून
साखर पेठेतल्या तीन रंगवाल्यांकडं फिरले.
कुसळ सदऱ्यातून छातीला टोचत राहिलं.
काढलं नाही.

पण खरी अडचण नानाच आहेत.
एकतीस वर्षं मागाजवळ उभं राहून
त्यांचे कान खटखटीत गेले.
ते साखर मागतात तीही ओरडून,
हळू बोलणं म्हणजे काय ते विसरलेत.
आई म्हणाली, यांना घरीच ठेवू या.
म्हणाली आणि स्वतःच उठून आत गेली.

माझ्या मनात सगळं ठरलंय :
साडेसहाला उजाडेल. आम्ही दोघं पाटाआड,
डोक्यावर ठेवायला पानात जिरं-गूळ.
मुठीतल्या अक्षता मुठीतच राहतील,
दुपारी पद्मनगरला आणून त्यांचाच भात टाकायचा,
हळदीनं पिवळा झालेला.
सावधान म्हटलं की सगळ्यांनी माळाकडं बघायचं.
नवरा-नवरीकडं नाही.
मल्लिनाथ त्या दिवशीही नोंदवही आणणार आहे,
मी विचारलं नाही, तो आणणारच.

काल रात्री पावणेअकराला वीज गेली.
गल्लीतले सगळे माग एकदम थांबले
आणि कानांत पोकळी झाली.
अंधारात नानांचा आवाज आला,
घोगरा, चाचपडत,
नवीन चप्पल घालून चालावं तसा :
सावधान.
मग थोडा आणखी खाली :
सावधान.
तिसऱ्यांदा मला ऐकूच आलं नाही,
फक्त ओठ उघडून मिटल्याचा आवाज.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली,
कोण आलंय हो?